उन्हाने सोडलेली जागा

"रुचा, तळहात फिरव बघू भिंतीवर," आजोबा म्हणाले.

दुसरीतल्या, दोन वेण्यांच्या रुचाने हात फिरवला. तळव्याला पांढुरकी पिठी लागली.

"खडूसारखं!"

"बरोब्बर. ऊन रंगाला असं हळूहळू खातं. पिठी लागायला लागली, की समजायचं, रंगाचा जीव संपत आला."

विजयकुमारांनी जन्मभर पुण्यात शाळेत चित्रकला शिकवली होती. बायको गेल्यावर मुलाने, सारंगने, त्यांना जपानला बोलावून घेतलं. एदोगावा भागातल्या त्याच्या जुन्या दुमजली घराला मागच्या अंगाने त्यांच्यासाठी एक खोली वाढवली. खोली छान झाली, पण तिचा रंग जुन्या घराशी जुळेना. कंत्राटदाराचा प्रत्येक नमुना कोरा करकरीत दिसे. ते ठिगळ विजयकुमारांना बघवेना.

"ओगावा-सानना सांग, रंग मी जुळवून देतो. रुचा आहे मदतीला."

रंगारी ओगावा ऐकून हसला. मग घराच्या जुन्या मागच्या भिंतीकडे बघून त्याचं हसू विरलं. तो सारंगशी हलक्या आवाजात काही बोलला.

"काय म्हणतोय?"

"मुलीला या कामाला नका लावू म्हणतो. ऊन फार असतं इथे."

ऊन होतंच. ती भिंत पार फिकुटली होती. एका जागी मात्र राखी-हिरवा रंग जसाच्या तसा होता. कमरेच्या जरा वर येणारा उभट डाग, माथ्यावर गोलसर. बाजूला आडवी जाड रेघ आणि रेघेच्या टोकाला छोटा चौकोन. इथे मोठी कुंडी असेल, पाइप असेल, मीटरची पेटी असेल, अशी विजयकुमारांनी मनाची समजूत घातली.

"इथे पिठी लागत नाही, आजोबा."

"सावलीत राहिलेली जागा ना ती."

"कोणाच्या सावलीत?"

"काहीतरी ठेवलेलं असणार गं."

रंग जवळून जुळत नाही, लांबून बघावा लागतो. सकाळी वेगळा, भर दुपारी वेगळा, कलत्या उन्हात आणखी वेगळा. म्हणून रुचा हात लांब करून नमुन्याची फळी भिंतीशी धरायची आणि आजोबा कुंपणाजवळ खुर्ची टाकून डोळे बारीक करायचे.

"मो ई?" तिला मराठीत 'झालं का' विचारायचा कंटाळा.

"हलू नकोस. शहाणी माझी ती."

खोली रंगवून झाल्यावर शेवटची परीक्षा. रुचा नव्या भिंतीला पाठ टेकून, फळी धरून उभी राहिली. विजयकुमारांनी खुर्चीतून पाहिलं. फळी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ते कळेना. जुळला! आनंदाने त्यांनी डोळे चोळले.

क्षणभर त्यांना रुचाही सापडली नाही.

"मो ई, आजोबा?" आवाज तेवढा आला.

त्या उन्हाळ्यात रुचा सुकत गेली. आजीसारखी गव्हाळ पोर, पण वर्गाच्या फोटोत ती एकटीच फिकट आली. "प्रिंटिंगचा प्रॉब्लेम असेल बाबा," सारंग म्हणाला. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट नॉर्मल. रात्री सारंग तिच्या उशाशी बसून राहायला लागला.

एका रविवारी विजयकुमार सहज मागे गेले. नवी भिंत एका उन्हाळ्यातच फिकुटली होती. इतक्या लवकर रंग जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी उजवा तळहात फिरवला. पिठी.

एका जागी मात्र रंग ताजा होता.

कमरेच्या जरा वर येणारा. दोन वेण्या. लांब केलेला हात. हाताच्या टोकाला चौकोन.

त्यांनी मान वळवून जुनी भिंत पाहिली. तो चौकोन मीटरच्या पेटीचा नव्हता. तिथेही कोणी एक मूल उभं होतं, आणि त्यालाही कोणीतरी लांबून सांगत होतं, हलू नकोस.

"रुचा!"

ती दारातून धावत आली आणि त्यांच्या पोटाला बिलगली.

"दाइजोबू, ठीक आहे आजोबा. मी आहे ना. का ओरडलात?"

"काही नाही गं."

उजवा हात पिठीने भरला होता, म्हणून त्यांनी डावा हात तिच्या गालावरून फिरवला. ती पुन्हा आत पळाली.

मग त्यांनी डावा तळहात उलटा करून पाहिला.

भिंतीची पिठी पांढरी होती. ही गव्हाळ होती.