खेकड्याच्या पोटात काय भरलंय?

परवा अठ्ठावन्न टक्के. काल एकाहत्तर. आणि आज शहाण्णव!

हे परीक्षेतले मार्क असते तर केतकी तांडेल नाचली असती. पण हे आकडे होते ‘खेकडा’ नावाच्या यंत्रमानवाच्या डिस्कचे (माहिती साठवायच्या जागेचे). आठ पायांचा हा खेकडा गेले आठ महिने दांडेबेटाजवळ समुद्राच्या तळाशी फिरून प्रवाळांचे फोटो काढत होता. गेल्या आठवड्यापर्यंत डिस्क निम्मीसुद्धा भरली नव्हती. मग तीन दिवसांत त्याने असं गिळलं तरी काय?

“खेकड्या, डिस्क कशाने भरली?” विशाखाआत्याने माइकमध्ये विचारलं. ती प्रवाळांची शास्त्रज्ञ. सुट्टीत केतकी तिच्या तरंगत्या प्रयोगशाळेत राहायला आली होती.

“फायलींनी,” खेकडा म्हणाला. विचारलं तेवढंच सांगायचं, ही त्याची जुनी खोड.

आत्याने कपाळ चोळलं. साडेचार वाजले होते. रोज सहाला खेकडा दिवसाची कामं आवरायचा, आणि तेव्हा जागा कमी पडली की सगळ्यांत जुन्या फायली पुसून टाकायचा, असा त्याचा नियम. सगळ्यांत जुने फोटो होते ऑक्टोबरमधले, पाणी तापायच्या आधीचे. ते गेले तर उन्हाळ्याने प्रवाळांचं किती नुकसान केलं हे कशाशी ताडून बघणार? पाण्यातून खेकड्याशी ध्वनिलहरींनी बोलता येई, पण फोटो पाठवण्याइतकी ती वाट रुंद नव्हती. त्याला वर काढणारी बोट चार दिवसांनी यायची होती.

“सगळ्यांत जास्त फायली कुठल्या फोल्डरमध्ये आहेत?” फोल्डर म्हणजे फायली ठेवायचा कप्पा.

“केतकीच्या. चार हजार एकशे बारा.”

आत्याने वळून पाहिलं. त्या कप्प्यात केतकीने खेकड्याला काढायला लावलेले एका ऑक्टोपसबाईचे फोटो होते. खडकाच्या कपारीत ती आपली अंडी राखत बसलेली असायची. कित्येक आठवडे तिने तोंडात घास घेतला नाही, आणि पिल्लं बाहेर पडली तशी ती मेली. आता ती फक्त त्या फोटोंत उरली होती.

“पुसायला हवं गं,” आत्या म्हणाली. “मलाही वाईट वाटतंय.”

“पण जास्त फायली म्हणजे जास्त जागा असं कुणी सांगितलं? पोतंभर चुरमुरे एका हाताने उचलता येतात, पाटा उचलून दाखव.”

“बरं, मग मोजून दाखव. साडेपाचपर्यंत. त्यानंतर एक मिनिट नाही.”

केतकीच्या पायाला एरवीही भिंगरी असायची, आज तर ती खुर्चीत टेकेचना. उभ्यानेच ती बटणं बडवू लागली. पहिला प्रोग्रॅम (यंत्राने करायच्या कामांची लेखी यादी) दहा मिनिटांत झाला. खेकड्या, प्रत्येक फोल्डर उघड, त्यातल्या फायलींचे आकार मिळव, बेरीज सांग. खेकड्याने सगळं मिळवून उत्तर पाठवलं ते तीन गिगाबाइट. गिगाबाइट म्हणजे माहिती मोजायचं माप, आणि डिस्क होती आठ हजारांची.

“तीन? अरे, मग बाकीचं काय समुद्राने नेलं?”

“तू फोल्डर उघडायला सांगितलंस,” खेकडा म्हणाला. “फोल्डरच्या आत जे फोल्डर आहेत ते उघडायला सांगितलं नाहीस.”

आत आणखी कप्पे, त्यांच्याही आत कप्पे. किती खोल, कुणाला ठाऊक? दहा पायऱ्या लिहिल्या आणि अकरावा कप्पा निघाला तर? केतकी डेकवर गेली, परत आली, पुन्हा गेली. पाच वाजले. तिसऱ्या फेरीला ती थबकली. सगळे कप्पे तिने कशाला मोजायचे? प्रत्येक कप्प्याने आपलं आपण मोजावं की!

तिने धावत येऊन लिहिलं: आधी आपल्यातल्या सुट्ट्या फायलींची बेरीज कर. आत कप्पा दिसला तर त्यालाही हेच काम सांग. त्याच्या आत कप्पा असेल तर तो त्याला सांगेल. ज्याच्या आत काहीच कप्पा नाही तो आपला आकडा वर कळवेल, वरचा त्यात आपला मिळवून आणखी वर कळवेल. शेवटी सगळ्यांत बाहेरच्या कप्प्याकडे पूर्ण बेरीज जमेल. काम एकच, पाच ओळींचं, पण ते स्वतःलाच पुन्हा बोलावतं. याला पुनरावर्तन (तेच काम आतल्या आत पुन्हा करणं) म्हणतात.

खेकडा मोजत राहिला. पाच वीस झाले. पाच पंचवीस. आत्याचं बोट पुसण्याच्या बटणाजवळ होतं आणि केतकीचा जीव टांगणीला. मग पडद्यावर ओळी उमटल्या.

प्रवाळ: ३६००. केतकी: २. नोंदी: ४०९६.

“दोन?” आत्या पुढे वाकली. “आणि नोंदी चार हजार? त्यात तर पाण्याच्या तापमानाचे आकडे आहेत नुसते.”

“नोंदीच्या आतलं दाखव,” केतकीने सांगितलं.

मूळ आकडे: १. मग प्रत-१: १. प्रत-२: २. प्रत-३: ४. प्रत-४: ८. आकडे दुपटीने चढत गेले ते प्रत-१२: २०४८ पर्यंत.

“या प्रती कुणी करायला सांगितल्या?” केतकीने विचारलं.

“विशाखाबाईंनी,” खेकडा लगेच म्हणाला. “बारा दिवसांपूर्वी पाणी तापलं तेव्हा. म्हणाल्या, नोंदी फोल्डरात जे काही असेल त्या सगळ्याची रोज सहाला एक प्रत करून तिथेच ठेव.”

आत्याने डोक्याला हात लावला. पहिल्या दिवशी मूळ आकड्यांची प्रत झाली. दुसऱ्या दिवशी ‘सगळ्या’त ती प्रतही आली. तिसऱ्या दिवशी प्रतींच्या प्रतींची प्रत. रोज दुप्पट. सुरुवातीला एकाचे दोन झाले ते कुणाला कळणार, पण दोन हजारांचे चार हजार झाले तेव्हा डिस्क तुडुंब. आज सहाला त्याला आणखी चार हजार लागले असते, आणि ती जागा ऑक्टोबरच्या प्रवाळांनी भरून दिली असती.

सहाला अठरा मिनिटं उरली होती. रोजच्या कामातला ‘तिथेच’ हा शब्द दोघींनी आधी खोडला. मग मूळ आकड्यांची एकच प्रत केली, पण नोंदीच्या बाहेर. मग बाराच्या बारा प्रती पुसल्या. प्रत्येक वेळी आत्या मोठ्याने नाव वाचायची आणि केतकी पुन्हा वाचायची, कारण चुकीचं पुसलेलं पाण्याखालून परत येत नाही. सहाला चार मिनिटं असताना खेकडा म्हणाला, “डिस्क पंचेचाळीस टक्के.” केतकी आज पहिल्यांदा खुर्चीत बसली.

“चूक माझी होती,” आत्या म्हणाली. “आणि न मोजता मी तुझ्यावर आळ घेतला. मला माफ कर.”

केतकीने मान डोलावली.

“आता हा तुझा प्रोग्रॅम रोज सहाच्या आधी चालवायचा. कुठला कप्पा फुगतोय ते लगेच कळेल.” आत्याने पडद्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “पण चार हजारांवर फोटो दोनच गिगाबाइटमध्ये मावले कसे? एवढे बारीक का काढलेस?”

“तुझ्या प्रवाळांना जागा कमी पडू नये म्हणून,” केतकी म्हणाली.

आत्याने माइक ओढला.

“खेकड्या, उद्या सकाळी त्या कपारीकडे जा आणि ऑक्टोपसची पिल्लं कुठे गेली ते शोध. सापडलेल्या प्रत्येक पिल्लाचा फोटो मोठ्यात मोठा काढायचा, आणि तो केतकीच्या फोल्डरमध्ये ठेवायचा.”