शेवटचं पान नसलेली गोष्ट

"हे पुस्तक संहिताचे आहे. हात लावणारा गाढव!"

तो मोठ्याने वाचत होता आणि समोर सतरंजीवर बसलेली दहा-बारा मुलं खिदळत होती.

दारात उभी असलेली संहिता लाजून लाल झाली. अक्षर तिचंच होतं. सातव्या वर्षीचं, जांभळ्या खडूतलं.

तिच्या लहानपणच्या पुस्तकांची पेटी अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, महिन्यापूर्वीच जे. पी. नगरच्या मराठी वाचनालयाला देऊन टाकली होती. तिला कळलं ते काल. "घरात आता कोण वाचतंय?" एवढंच ते म्हणाले. आई गेल्यापासून दोन वर्षं ते असंच तोडकं बोलत. आज रविवार गाठून संहिता पेटी परत न्यायला आली होती.

"अहो... ती पुस्तकं माझी आहेत."

त्याने वर पाहिलं. कुरळे केस, नाकावर घसरलेला चष्मा. "म्हणजे तुम्ही संहिता! आणि मी—"

"गाढव," पुढे बसलेल्या हर्षिताने सांगून टाकलं.

गाढवाचं नाव यशोवर्धन होतं. पुण्याहून नोकरीसाठी आलेला. दर रविवारी तो इथल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवायचा.

"पुस्तकं खुशाल न्या," तो म्हणाला. "पण अ‍ॅक्च्युअली, एक सांगून जा. या पुस्तकातल्या पोपटाची होडी वादळात सापडते आणि पुढचं पानच नाही! तीन रविवार ही मुलं मला छळतायत. शेवटी होतं काय?"

संहिताला हसू आलं. "मलाही माहीत नाही. ते पान पहिल्यापासूनच नव्हतं. अण्णा रोज नवा शेवट सांगायचे. कधी पोपट चिकपेटच्या बाजारात छत्र्यांचं दुकान टाकायचा, कधी लग्न करून के. आर. पुरमला बिऱ्हाड करायचा. मग आई आतून ओरडायची, अहो, झोपू द्या पोरीला..."

बोलता बोलता तिने पटकन डोळे पुसले. यशोवर्धनने पाण्याची बाटली पुढे केली.

"त्यांनाच आणा ना," तो हळूच म्हणाला.

"नाही येणार ते."

"विचारून तर बघा. नाही आले, तर पेटी मी स्वतः घरी पोचवेन."

"आणि आले तर?"

"तर... तुम्हालाही यावं लागेल. दर रविवारी." त्याचे कान तांबडे झाले.

अण्णा आधी नाहीच म्हणाले. कानडीत छोटीला म्हणतात तसं ते तिला अजून पुट्टीच म्हणत. "नको ग पुट्टी, आता आवाज कुठे उरलाय?"

"वाचायचं नाही, अण्णा. नुसता शेवट सांगायचा. स्वल्प, थोडंसंच."

आठवडाभर ती मागे लागली, तेव्हा कुठे ते आले. पुस्तक हातात घेतलं. वादळाचं पान त्यांनी पुटपुटतच संपवलं.

"अज्जा, जोरात!" हर्षिता ओरडली.

अण्णांनी खाकरून घसा साफ केला... आणि एकदम पोपटाचा तो नाकातला आवाज आला! मुलं हसून लोळायला लागली. त्या दिवशी वादळाला पळवून लावलं पोपटाच्या बायकोने, हातात उलथनं घेऊन, "चल नीघ, माझी भांडी घासून झालीत आत्ताच!" असं ओरडत. तो ठसका थेट आईचा होता. संहिता हसत होती आणि डोळे वाहत होते. शेजारून यशोवर्धनने रुमाल दिला, तो तिने परत केलाच नाही.

पेटी वाचनालयातच राहिली. अण्णा मात्र शनिवारपासूनच उद्याच्या गोष्टीची तयारी करू लागले. जेवताना पोपटाच्या, अस्वलाच्या आवाजात भाजी मागू लागले.

चार महिन्यांनी एका रविवारी मुलं पांगल्यावर यशोवर्धन पायरीवर घुटमळला.

"कंपनी मला पुण्याला परत पाठवत होती. मी नाही म्हटलं."

"मुलांसाठी?"

"मुलांना आता अण्णा आहेत."

"मग... कुणासाठी?" उत्तर ठाऊक असूनही तिने विचारलं.

"तुमच्यासाठी."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग मान वर करून म्हणाली, "तुमच्यासाठी नाही. तुझ्यासाठी म्हण."

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. चष्मा सावरायचंही त्याला सुचलं नाही.

फाटकाबाहेर अण्णांनी रिक्षा थांबवली होती. "पुट्टी, येतेस ना?"

"तुम्ही व्हा पुढे, अण्णा," संहिता म्हणाली. "आम्ही चालत येतो."