जाणारी पावलं

पहाटे साडेचारला हॉलिस उठायचा आणि स्टोव्ह पेटवायचा. वाळवंटातून चालणाऱ्याला दुसरा इलाजच नसतो. दहा वाजले की ऊन डोक्यावर बसतं, मग एखाद्या झुडपाच्या वीतभर सावलीत दुपार काढावी लागते. मेक्सिकोच्या सीमेवरच्या कुंपणापाशी, कॅम्पो गावात, सॅक पाठीवर चढवतानाच त्यांनी ओझी वाटून घेतली होती. तंबू, स्टोव्ह आणि नकाशे हॉलिसकडे. खाणं, औषधं आणि पाणी गाळायची नळी मार्नीकडे. वजन वाचावं म्हणून दोघांनी टूथब्रशच्या दांड्यासुद्धा कापल्या होत्या. एकसष्टचा नवरा, अठ्ठावन्नची बायको, चारही गुडघे कुरकुरतायत, आणि वजन वाचवतायत कुठे, तर टूथब्रशात! मार्नीला त्याचं हसू आलं होतं. दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसली, म्हणून हॉलिसच्या ते लक्षात राहिलं.

लोक ही वाट पार कॅनडापर्यंत चालतात. या दोघांना तेवढं जायचं नव्हतं. साडेसातशे मैलांवर, डोंगरात बर्फ सुरू झालं की एक ओढा लागतो, तिथवरच जायचं होतं. त्यांची मुलगी ब्रिन दोन वर्षांपूर्वी हीच वाट एकटी चालत त्या ओढ्यापर्यंत पोचली होती. चोवीस वर्षांची होती. वितळलेल्या बर्फाने ओढा फुगलेला, आणि तिने तो भर दुपारी ओलांडायला घेतला. तीन आठवड्यांनी ती चार मैल खाली सापडली.

"ती जेवढं चालली तेवढं मला चालायचंय," मार्नी म्हणाली होती. "एकही पाऊल न गाळता."

हॉलिसने हो म्हटलं, पण मनातून तो धास्तावला होता. मागच्या हिवाळ्यात तो बाजारातून घरी आला, तर मार्नी थंड पाण्याने भरलेल्या टबात कपड्यांसकट बसलेली. ओठ निळे पडलेले. "किती गार लागतं ते बघत होते," एवढंच म्हणाली. ही बाई त्या ओढ्याच्या काठावर उभी राहिली की काय करेल? तिला तिथवर न्यायचं आणि तिथून जिवंत परत आणायचं, हे एवढं एकच काम त्याने अंगावर घेतलं होतं. बाकी कॅनडा गेला खड्ड्यात.

अकराव्या दिवशी त्यांनी हायवेच्या पुलाजवळ मुक्काम केला. तिथे कोणी भली माणसं चालणाऱ्यांसाठी पाण्याचे कॅन ठेवून जातात. पहाटे हॉलिस बाहेर आला, टॉर्च खाली धरला, तर तंबूच्या दारापासून निघून बुटांचे ठसे उत्तरेकडे गेलेले.

आता, या वाटेवर ठसे दिसण्यात काहीच विशेष नाही. इथे लोक एकमेकांना तोंडावरून कमी आणि ठशांवरून जास्त ओळखतात. आपल्या पुढे कोण आहे, किती वेळापूर्वी गेलं, दमलंय की जोरात आहे, सगळं धुळीत वाचतात. पण हा ठसा हॉलिसला तोंडपाठ होता. ब्रिन निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरात टॉवेल पसरला होता, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, आणि त्यावर तिला बुटांसकट उभं केलं होतं. लांब जाणाऱ्याचा ठसा घरी ठेवायची रीतच आहे. शोधायची वेळ आली तर उपयोगी पडतो. "बाबा, मी काय बटाटा आहे, फॉइलमध्ये गुंडाळून भाजायला?" म्हणून ती खिदळली होती. ती वेळ आलीच. शोधणाऱ्यांनी ते फॉइल नेलं आणि काम झाल्यावर पाकिटात घालून परत दिलं.

टाचेशी तीन पट्ट्या, चवड्यावर त्रिकोणांची नक्षी. डावं पाऊल बाहेर वळलेलं, कारण सातव्या वर्षी झाडावरून पडून तिचा घोटा मोडला होता.

चाळीस वर्षं जमिनी मोजण्यात घालवलेला माणूस असा सहजी हबकत नाही. असले बूट हजारो लोक घालतात, त्याने स्वतःला बजावलं. फेंगडी चालणारी बाईही जगात एकच नसते. पण मग ती तंबूच्या दाराशी आली कुठून? येणारा ठसा एकही नव्हता. होते ते फक्त जाणारे.

त्याने झुडपाची फांदी मोडली आणि वीसेक पावलं सगळं झाडून काढलं. पुढे वाटेवर शंभर जणांच्या ठशांत ते मिसळून गेले होते.

"काय करतोयस रे?" मार्नीने आतून विचारलं.

"विंचू होता."

"गेला?"

"गेला."

त्यानंतर ठसे रोज दिसू लागले. तो उठायचा, फांदी शोधायची आणि झाडायचं, मग कॉफी. मार्नीला ते दिसले असते तर ती त्यांच्यामागे धावत सुटली असती आणि थेट पाण्यात जाऊन थांबली असती, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पाचशे मैलांच्या पुढे, जिथे वीस वीस मैल पाण्याचा थेंब मिळत नाही, तिथे एका पहाटे ठसे ओले होते. त्याने बोट लावलं. वाळू बर्फासारखी गार होती. आणखी एकदा ते त्याच्या उशाशी, कापडापलीकडे होते. दोन्ही पावलं तंबूकडे वळलेली आणि वाळूत खोल रुतलेली. बराच वेळ कोणी उभं होतं. त्या दिवशी झाडताना हॉलिसला रडू फुटलं. आपल्या लेकीला आपणच दारातून हाकलतोय, असं वाटून त्याला स्वतःची शिसारी आली. तरी त्याने झाडलंच.

केनेडी मेडोज या छोट्या वस्तीपाशी वाळवंट संपतं. तिथल्या दुकानाच्या ओट्यावर वाटेवरचे लोक पाय पसरून बसलेले असतात, आणि पायी येणाऱ्या प्रत्येकाला टाळ्या वाजवतात. यांनाही वाजवल्या. बटरबीन नावाची एक सत्तरीची बाई होती. नाव वाटेवरचं, खरं कोणी विचारत नाही. हातातल्या बर्गरचा घास चावत तिने दोघांच्या मागे बघितलं.

"तिसरी कुठाय तुमची?"

"आम्ही दोघंच आहोत," हॉलिस म्हणाला.

"उगाच थापा नका मारू! दहा दिवस तुमच्या मागावर होते मी, कालच तुम्ही सावलीत पडलेले असताना पुढे आले. तुम्हा दोघांच्या पुढे ती असतेच की. डावा पाय फेंगडा टाकते. मध्येच थांबते, मागे वळते, तुमची वाट बघते आणि पुन्हा निघते. गुणाची पोर आहे हो. म्हाताऱ्यांसाठी कोण थांबतं हल्ली?"

हॉलिसने भीत भीत मार्नीकडे पाहिलं. ती शांतपणे बुटांच्या नाड्या सोडत होती. "दुसऱ्या कोणाचे असतील," ती म्हणाली, आणि आत जाऊन पीनट बटर घेऊन आली.

पुढे चढ आणि बर्फ. सहाव्या दिवशी दुपारी तीनला ओढ्याचा आवाज आला.

ओढा फार रुंद नव्हता. अंगण असतं तेवढाच. पण पाणी नुसतं उसळत होतं, आणि तळातून दगड गडगडत जाताना ऐकू येत होते. शहाणी माणसं असा ओढा पहाटे ओलांडतात, रात्रीच्या गारठ्याने पाणी उतरल्यावर. हॉलिसने मार्नीचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

"दुखतंय," ती म्हणाली.

"दुखू दे."

"मी उडी मारणार नाहीये."

"मला नाही माहीत ते."

काठापासून चाळीस पावलांवर त्यांनी तंबू ठोकला. बटाट्याची पेज केली, दोघांनाही गेली नाही. आणि मग हॉलिस एकदम बोलायला लागला, दोन वर्षं जे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं ते.

"तिच्या सॅकचा कमरेचा पट्टा बांधलेला होता. सापडली तेव्हा. पाण्यात शिरण्यापूर्वी पट्टा सोडायचा असतो गं, म्हणजे पडलं तर सॅक टाकून देता येते. सगळ्यांना माहीत असतं. मी तिला फोनवर काय सांगितलं? पट्टा घट्ट ठेव, म्हणजे खांदे दुखणार नाहीत. मी जन्मभर कोरड्या जमिनी मोजल्या, मार्नी. पाण्याचं मला काय कळतंय? सोड म्हणून सांगायचं मला सुचलंच नाही."

मार्नीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"मलाही सांगायचंय," ती म्हणाली. "चिडू नकोस. रात्री मी लघवीला उठते ना, तेव्हा ती आलेली असते. पुढून येते, दारापर्यंत. मी तिची पावलं पुसते. पुलापासून रोज पुसतेय."

हॉलिस उठून बसला. "का?"

"तुला दिसली असती तर तू दुसऱ्या दिवशी मला गाडीत घालून घरी नेलं असतंस. ही पुन्हा बिघडली म्हणून."

त्याला हसावं की रडावं कळेना. "अगं, मी पण पुसतोय! पहाटे. तू तिच्यामागे जाशील म्हणून जाणारी पावलं पुसतोय मी."

मार्नीचा चेहरा उतरला.

"जाणारी?" तिने विचारलं. "जाते ती?"

"रोज जाते."

"मला वाटायचं, आपल्याबरोबर राहते." तिचा आवाज फुटला. "दिवसभर वाटायचं मला, आहे इथेच. रोज कशी रे जाते?"

त्याने तिला जवळ घेतलं. आज कोणीच काही पुसायचं नाही, एवढं ठरलं. दोघं एकमेकांना घट्ट धरून झोपली.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं, आणि मार्नी शेजारी नव्हती.

हॉलिस तसाच मोज्यांवर बाहेर धावला. ओढ्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

ती तंबूच्या बाजूलाच उभी होती. रात्री बोटभर नवं बर्फ पडलं होतं, आणि ती खाली बघत होती.

ठसे पाण्यातून वर आले होते. काठापासून सरळ तंबूच्या दारापर्यंत. टाचेशी तीन पट्ट्या, चवड्यावर त्रिकोण, डावं पाऊल बाहेर वळलेलं. प्रत्येक ठशाच्या तळाशी पाणी गोठून पातळ काच झाली होती.

"जाणारे बघ," मार्नी कुजबुजली. "मला नीट दिसत नाहीये. तू बघ."

त्याने तंबूला फेरी घातली. मग आणखी मोठी फेरी, झाडांपर्यंत, जमीन मोजतात तशी एकेक हात बघत. मार्नीचे ठसे होते. त्याचे होते.

"नाहीत," तो म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं. ती गेलेली नाही."

ओढा उतरला होता. गुडघाभर पाणी, ओलांडायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मार्नीने तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. इतके दिवस ज्या क्षणाला तो घाबरत आला होता, तो असा निघून गेला, आणि त्याला सुटल्यासारखं वाटेना.

सूर्य कड्यावर आला. काठाजवळचे ठसे कडेने पाझरू लागले.

हॉलिस घाईने गेला आणि सर्वांत जवळच्या ठशावर आपली सावली पडेल असा उभा राहिला. मार्नी दुसऱ्यापाशी उभी राहिली. एवढं अंतर चालून आलेली दोन माणसं, आणि दोनच ठसे वाचवता येत होते.

"आत बघायचं?" त्याने विचारलं.

"तू आधी."

"थांब जरा."

धावताना त्याने तंबूचं दार उघडंच टाकलं होतं. गार वारा सुटला, आणि दाराचं कापड हललं.

मग आतून झिप ओढल्याचा आवाज आला. अर्ध्यावर ती कापडात अडकली. कोणीतरी ती हळूच थोडी मागे घेतली, कापड सोडवलं, आणि थंडी आत येऊ नये म्हणून खालपर्यंत नीट लावून घेतली.