चिरलेल्या पंखांचा पतंग

"फाडला! माझा पतंग हिनं फाडला!"

नेवाशाच्या कॉलेजात अजिनाथ सरांनी पेटी टेबलावर आदळायचीच बाकी ठेवली होती. आत टाचणीवर टोचलेला नखाएवढा पतंग-किडा, पंखांच्या चिंध्या. नव्या जातीचा हा एकुलता नमुना. समोर प्रयोगशाळा सहायक रुपाली. संध्याकाळी तिची नोकरी जाणार होती, म्हणून तिनंच नगरहून गुप्तहेर सुकन्याला बोलावलं होतं.

"पकडला कोणी?" सुकन्यानं विचारलं.

"मी! प्रवरेकाठी. टाचणीही मीच लावली. पंख अखंड होते. पेटी बंद केली ती आज उघडली. दुसरी चावी हिच्याकडे."

सुकन्याचा जोडीदार सहादेव मान डोलावू लागला. मोठ्या आवाजावर त्याचा चटकन विश्वास बसे.

"खोटं!" रुपाली तडकली. "पकडला मी. नोंदींची वही सरांनी नेली."

शिपाई सूर्यभान म्हणाला, "म्या फकस्त काच पुसतो, ताई. एक दिस रुपालीताई भिंगातून बघून 'चोवीस!' म्हनून वरडल्या. कशाचं, ते इचारलं न्हाई."

सुकन्यानं भिंग सहादेवच्या हाती दिलं. "चिंध्या मोज."

"पुढच्या पंखाला सहा. मागच्याला सहा. पलीकडंही तेवढ्याच. अन् प्रत्येक चिंधीला दोन्हीकडून केसांची झालर. फाडणारीचा हात लई नेमका हाय!"

सुकन्यानं कपाटातलं कीटकशास्त्राचं पुस्तक चाळलं आणि प्राचार्य आप्पासाहेबांना बोलावलं.

"फाटलेल्या कडेला झालर नसते, आप्पासाहेब. या पतंगाला कोणी फाडलेलं नाही. हे पिसांसारख्या पंखांच्या पतंगांचं अल्युसिटिडी कूळ. प्रत्येक पंख जन्मतःच सहा पिसांत चिरलेला. साध्या पिसपतंगाच्या पुढच्या पंखाला दोन पिसं, मागच्याला तीन. इथं चार पंख, चोवीस पिसं. रुपालीनं ती मोजली होती. अखंड पंख कोणी पाहिले? ज्यानं पतंग कधी पाहिलाच नाही त्यानं! अजिनाथ सर, आयती पेटी स्वतःच्या नावावर केली, आज पहिल्यांदा उघडली, अन् चिरलेले पंख बघून घाबरून एका पोरीची भाकरी हिसकायला निघालात?"

आप्पासाहेब घाईनं म्हणाले, "जाऊ द्या. नमुन्यावर दोघांची नावं घालू. कॉलेजची अब्रू—"

"दोघांची?" रुपालीनं नमुन्याला लावायची कोरी चिठ्ठी अजिनाथ सरांपुढं सरकवली. "पकडणाऱ्याचं नाव लिहा, सर. एकच. तुमच्या अक्षरात."

सरांनी पेन उघडलं.