भोंग्याचा आवाज

खोटं वाटलं तर वाटू द्या. पटवून द्यायला मी कोणाच्या पाया पडणार नाही. पण हे खरं घडलंय, माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत. भर दुपारी, कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावर.

आणि मामा माझा असला, तरी त्याची बाजू मी घेणार नाही.

मामा तिथे शिपाई. केस निघाली की दारात उभं राहून नावं पुकारायची, हे त्याचं काम. आवाज असा की रस्त्यावर झोपलेली कुत्री उठून बसायची. सगळे त्याला भोंगा म्हणायचे.

त्या दिवशी बँकेची केस होती. नवरा-बायकोनं घरावर कर्ज घेतलेलं, हप्ते थकलेले. पुकारा झाल्यावर कोणी आलंच नाही, तर निकाल बँकेच्या बाजूनं. मग घराला कुलूप.

सकाळी खालच्या बाकावर एक बाई बसली होती. तीच ती बायको. लिफ्ट बंद.

"भाऊ, गुडघे गेलेत माझे. नाव निघालं की जोरात हाक मारा. चढते मी हळूहळू."

"निवांत बसा मावशी. माझी हाक मेलेल्यालाही ऐकू जाते."

वर बँकेच्या वकिलानं मामाला कोपऱ्यात घेतलं.

"भोंग्या, आज तुझा घसा बसलाय."

"नाही हो साहेब, ठणठणीत आहे."

"बसलाय म्हणतो ना मी! पोरगा जातोय ना कामावर?"

पोराला नोकरीला चिकटवलं होतं याच वकिलानं. मामा काय ते समजला. मिंध्या माणसाचा घसा कायमच बसलेला असतो.

केस निघाली.

मामा दारात गेला. भिंतीकडे तोंड करून नावं पुटपुटला. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं.

काहीच नाही.

दुसऱ्यांदा पुटपुटला. आणि व्हरांडा एकदम गप्प झाला... पंख्याची घरघर थांबली. टायपिस्टची टकटक थांबली.

मामाच्या मानेला कोणाचा तरी गार श्वास लागला...

मागे वळायची छाती झाली नाही. तिसऱ्यांदा त्यानं ओठ हलवले. आवाज निघालाच नाही.

आणि त्याच्या कानामागून हाक उठली!

खिडकीच्या काचा थरथरल्या. मामाला शब्द कळले नाहीत. कानात नुसता गडगडाट.

"अहो, कोर्ट आहे हे!" न्यायाधीश ओरडले. "केवढ्यानं ओरडता?"

वकील दात-ओठ खात मामाकडे बघत होता. सगळ्यांना वाटलं, मामाच ओरडला.

जिन्यावर पावलं वाजू लागली. थांबत, धापा टाकत...

"आले हो, आले!"

बाई आत आली. बोलली. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. एकतर्फी निकाल टळला.

बाहेर आल्यावर ती मामाला म्हणाली, "उपकार झाले भाऊ. पण मला चिमणे म्हणतात, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"चिमणे?" मामानं विचारलं.

"'चिमणे, वर ये लवकर!' असं ओरडलात ना? असं फक्त हे हाक मारायचे."

"मग... ते कुठे आहेत आज?"

"त्यांना जाऊन वर्ष झालं. बँकेला कळवलंय मी. तरी केसमधून त्यांचं नाव काढत नाहीत."

मामानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं... नुसती हवा बाहेर आली.

त्या दिवसापासून मामाचा आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. घरी पाणी हवं असलं तरी मामा भांडं वाजवतो.

कोर्टात मात्र कोणालाच पत्ता नाही. कुठलीही केस निघाली की मामा दारात उभा राहतो, नुसते ओठ हलवतो. आणि पुकारा पार रस्त्यापर्यंत जातो.

"काय घसा आहे राव!" लोक कौतुक करतात.

मामाच्या मानेवर तेव्हा काटा असतो.

निकाल अजून लागलेला नाही. बाई अजून त्याच घरात राहते. पण परवा मामानं मला पाटीवर लिहून विचारलं...

'केस ती हरली, तर हा तिचा नवरा माझी पाठ सोडेल का रे?'