भिंतीला टेकलेली काठी

काकांच्या दुकानात दुरुस्तीला आलेली खेळाची प्रत्येक काठी आधी दगडावर लोळायची. बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाच्या एका मोडीत निघालेल्या टेबलाची दगडी फरशी काकांनी खिडकीजवळ मांडून ठेवली होती. काठी तिच्यावर ठेवायची, तळहातानं हलकेच पुढे ढकलायची आणि कान द्यायचा. सरळ काठी नुसती घरंगळत जाते. वाकडी असली की प्रत्येक फेऱ्याला तिचं पोट दगडाला लागतं आणि टक असा बारीक आवाज येतो.

हरून आलेलं गिऱ्हाईक बाजूला उभं राहून म्हणायचं, "काका, काठीतच काहीतरी दोष आहे बघा."

काका काठी लोळवायचे, ऐकायचे आणि म्हणायचे, "काठी सरळ आहे. अंगणही सरळ आहे. आता जरा नाचाकडे बघा."

त्यामुळे त्यांना सरळकाका असं नाव पडलं. त्यांची बायको म्हणायची, "नाव सरळ आणि बोलणं हे असं! तुम्हालाच एकदा त्या दगडावर लोळवायला पाहिजे."

बायको स्वतः खेळायची, आणि भल्याभल्यांना पाणी पाजायची. काका ताडमाड, ती जेमतेम त्यांच्या खांद्याला लागणारी. तिच्या मापानं त्यांनी तिला मेपलची एक काठी करून दिली होती, इतरांच्या काठीपेक्षा चार बोटं आखूड. काठीचे दोन भाग असतात. मागे जाड मूठ आणि पुढे निमुळता दांडा, ज्याच्या टोकाला चेंडूला लागणारी चामड्याची टीप असते. खेळणाऱ्याची बोटं दांड्यावरून घसरत राहतात, म्हणून लाकडी दांडा हळूहळू त्याच माणसाचा होतो. हाताचा घाम, पावडर, टीप घसरू नये म्हणून तिला लावायच्या खडूचा निळा रंग, सगळं त्यात मुरतं. बायकोच्या दांड्यावर बोटं टेकायची तिथं एक फिकट निळसर पट्टा उमटला होता. तो पॉलिशनंही जात नसे.

या दोघांचं आयुष्यभर एकाच गोष्टीवरून वाजलं. लाकडी काठी भिंतीला टेकवून ठेवायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. टेकवलेल्या काठीचा भार मध्यावर येतो, आणि लाकूड मुकाट्यानं तो बाक घेतं. काठी टिपेकडून खुंटीला अडकवायची, ओळंब्यासारखी सरळ. दुकानाच्या वरच्या पट्टीला त्यासाठी खुंट्यांची रांगच होती. पण बायको डाव संपला की काठी खिडकीशेजारच्या भिंतीला टेकवायची आणि चहा ठेवायला जायची.

"अगं, वाकेल ती."

"अहो, तुमची खुंटी माझ्या हाताला येत नाही."

मग काकांनी तिच्यासाठी एक बुटकं स्टूल केलं. तिनं त्यावर कपबशा ठेवल्या. पुढे तिथं सरसाचे डबे येऊन बसले आणि स्टूल कोपऱ्यात गेलं. त्यावर चढून तिनं एकदाही काठी अडकवली नाही. दर काही दिवसांनी काका दांडा ऊब देऊन सरळ करायचे आणि ती शेजारी उभी राहून हसायची. "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. लाकडाचाही नाही आणि माझाही नाही." खिडकीशेजारच्या भिंतीवर मात्र टिपेचा खडू लागून लागून वाटीएवढा निळा डाग पडला होता.

ती आजारी पडली तेव्हा काकांनी हार मानली. कार्बन फायबरच्या दांड्याला ते एरवी 'नळाचा पाइप' म्हणायचे. त्यांची लेक कार्बननंच खेळायची, आणि बापलेकीची त्यावरून रोज जुंपायची. कार्बन वाकत नाही, त्याला खोक पडत नाही, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं, असं लेकीचं म्हणणं. तोच काळा दांडा आणून काकांनी बायकोच्या हातात दिला.

"घे. आता टेकव कुठेही. याला वाकणं म्हणून माहीतच नाही."

तिनं तो बोटांवरून फिरवून पाहिला. "छान आहे. हलका आहे. पण याला काही कळत नाही हो. धरला काय नि सोडला काय."

तरी तिनं तो मुठीला जोडून खाटेशेजारच्या भिंतीला टेकवून ठेवला. ती गेली त्या सकाळीही तो तिथंच होता. काकांनी नंतर तो दगडावर लोळवला. पहिल्या दिवशी होता तसाच तो सरळ होता. त्याचा तो सरळपणा काकांच्या मनाला फार लागला. त्यांनी तो खोळीत घालून लेकीला देऊन टाकला.

वर्ष झालं तेव्हा काकांनी दुकानाला रंग दिला. भिंत वाळून पांढरीशुभ्र झाली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तो निळा डागही पुसला. ते खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. पण रंग काही परत निघत नाही.

पुढच्या महिन्यात लेक आली. तिची मोठी स्पर्धा जवळ आली होती.

"बाबा, या वेळी मी आईच्या काठीनं खेळणार आहे."

"तू? जन्मभर कार्बनची वकिली केलीस आणि आता पक्ष बदलतेस?"

"एकदाच," लेक म्हणाली. तिचा आवाज ऐकून काकांनी थट्टा आवरली.

बायकोची काठी, पुन्हा लाकडी दांडा जोडलेली, ती गेल्यापासून खुंटीला होती. काकांनी ती उतरवली आणि लोळवली. टक. टक. टक.

त्यांना नवल वाटलं नाही. लाकूड आहे, हवा बदलली असेल. त्यांनी दांडा फडक्यानं घासून गरम केला, गुडघ्यावर अलगद दाबत सरळ केला आणि पुन्हा लोळवला. आवाज गेला. काठी खुंटीला गेली, दुकानाला कुलूप लागलं. त्या कुलपाची किल्ली एकच होती, आणि ती काकांच्या कमरेला असे.

सकाळी काठी खुंटीलाच होती. लोळवली, तर टक.

काका दांडा डोळ्यासमोर धरून बघत राहिले. लटकलेलं लाकूड वाकलं तर कसंही वाकतं, कधी टोकाशी, कधी पिळवटून. टेकवलेल्या लाकडाचा बाक निराळा असतो. लांबट, मध्यावर खोल, सगळा एका बाजूचा. जन्मभर त्यांनी हाच बाक काढला होता, याच दांड्यातून. डोळे मिटूनही त्यांनी तो ओळखला असता.

त्यांनी तो पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, त्याच बाजूला, तितकाच. काकांनी खुंटी बदलली, खिडकी बंद ठेवली. शेवटी पेन्सिलीनं बारीक खूण करून बघितली. बाक खुणेवरच येत राहिला. काकांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि देवावरही बेतानंच होता. लाकूड जुनं झालं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मग त्यांना भिंत दिसली.

खिडकीशेजारी, नव्या पांढऱ्या रंगावर, निळा ठिपका होता. शेंगदाण्याएवढा. काकांनी बोट लावलं. बोटाला खडू आला. दुकानात इतक्या काठ्या येतात, कोणाची तरी लागली असेल. त्यांनी एका गिऱ्हाइकाची काठी घेऊन तिथं टेकवून पाहिली. तिची टीप ठिपक्याच्या चारेक बोटं वर लागली. दुसरी घेतली, तीही तशीच. मग त्यांनी बायकोची काठी आणली. तिची टीप ठिपक्यावर नेमकी बसली.

काकांनी ती पटकन उचलली आणि ठिपका ओल्या फडक्यानं पुसून टाकला. सकाळी तो परत होता, जरा मोठा.

लेक सरावाला काठी घ्यायला आली तेव्हा तिची नजर भिंतीवर गेली.

"बाबा, तुम्ही ठेवता का टेकवून?"

"मी कशाला ठेवेन?"

"मग?"

"लाकूड आहे," काका म्हणाले.

"मी भिंतीबद्दल विचारतेय."

काकांनी लाकूड तासायचं लेथ यंत्र सुरू केलं. लेथच्या आवाजात बोलता येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

स्पर्धा तोंडावर आली, आणि वाकडी काठी देऊन लेकीला उभं करणं काकांच्या जिवावर आलं. एक उपाय होता. दांडा मधून लांबीभर पोखरायचा, आत कार्बनची बारीक नळी बसवायची. बाहेर तेच लाकूड, तोच निळसर पट्टा, आणि आत न वाकणारा कणा. हल्ली असे दांडे पुष्कळ निघाले होते.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच," ते लेकीला फोनवर म्हणाले. "इथं नळीच शेपटात घालू या. बघू कसं वाकतं ते." लेक हसली नाही. तेही हसले नाहीत.

त्यांनी दांडा लेथला लावला. मेपलचं लाकूड आतून दुधासारखं पांढरं असतं. सुरुवातीला भुगा पांढराच पडला. मग तो निळसर येऊ लागला. खडू वरून मुरतो, तो फार तर कागदाच्या जाडीएवढा. गाभ्यात तो पोचत नाही. तरी निळा भुगा येत राहिला, आणि त्याबरोबर बायकोच्या हाताच्या पावडरीचा वास आला. इतका ताजा, की काकांनी मागे वळून पाहिलं.

मागे भिंत होती.

त्यांनी काम थांबवायला हवं होतं. पण अर्धा पोखरलेला दांडा ना धड लाकूड असतो ना धड कार्बन. त्यांनी तो पुरा केला, कोपऱ्यातल्या स्टुलावरच्या डब्यातला सरस लावून नळी आत सारली आणि सगळा भुगा झाडून बाहेर टाकला.

दुसऱ्या दिवशी काठी सरळ होती. तिसऱ्या दिवशीही. भिंतीवरचा ठिपका पुसला, तो पुन्हा आला नाही.

काका खूश व्हायला हवे होते. आता दुकान उघडलं की ते आधी भिंतीकडे बघत, मग काठी लोळवत आणि कान देत. नुसती घरंगळ. रोज तीच. इतके दिवस ते ज्या आवाजाला कंटाळले होते, त्याच्यासाठीच ते सकाळी लवकर उठत होते, हे त्यांना आता कळलं. बायको येत होती. तिला यायला तेवढी एकच वाट होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं, नळी घालून बुजवली.

स्पर्धा झाली. लेक जिंकून आली. तिनं बाबांना मिठी मारली, पण चेहरा उतरलेला होता.

"चेंडू अगदी सरळ गेले, बाबा. एकही चुकला नाही."

"मग?"

"काठी चांगली आहे." लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण आईची नाहीये हो. सरावाच्या पहिल्या दिवशी, वाकडी असताना, होती."

लेकीनं काठी खिडकीजवळच्या दगडी फरशीवर ठेवली. आपली काळी कार्बनची काठी घेऊन ती घरी गेली.

संध्याकाळ होत आली. काकांनी आवराआवर केली, झाडू मारला. मग बायकोच्या काठीच्या टिपेला त्यांनी स्वतः खडू लावला. नीट, चारी बाजूंनी, ती लावायची तसा. आणि जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. काठी नेऊन खिडकीशेजारच्या भिंतीला टेकवली.

"टेकव," ते म्हणाले. "टेकव बाई. वाकली तर वाकली. मी काही बोलणार नाही."

खोलीत सरसाचा वास होता. मग त्यांनी बाहेरून कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं.

भिंतीशी काठी नव्हती. टिपेचा खडू लागला होता तिथं भिंत ओलसर होती. कोणीतरी फडक्यानं पुसावी तशी.

काठी खुंटीला होती. ओळंब्यासारखी सरळ, टीप वर, अगदी ते आयुष्यभर सांगत आले तशी.

"अगं," काका म्हणाले.

मग त्यांनी खाली पाहिलं. कोपऱ्यातले सरसाचे डबे जमिनीवर एका ओळीत नीट उतरवून ठेवले होते.

आणि ते बुटकं स्टूल खुंटीच्या बरोबर खाली होतं.