चष्मेवाले देणगीदार

अजूनही पाऊस लागला की तिला आधी वाटाणे आठवतात.

तो नाट्यगृहात आला, तेव्हा ती दारात एका नव्या देणगीदाराची वाट बघत होती. नाट्यगृह संस्थेचं, नुसत्या तिकिटांवर न चालणारं; देणगीदार जोडायचे आणि जपायचे, हे तिचं काम. त्यामुळे तिने त्याला तोंडही उघडू दिलं नाही. थेट विंगेत नेलं, पडद्याची दोरी हातात दिली, पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवून नाटकातला पाऊस पाडून दाखवला. त्यानेही डबा हलवून पाहिला आणि असा काही हसला, की तिचं पाठ केलेलं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

“खरं सांगू का...” तो म्हणाला, “मी चष्मेवाला. तुमच्या नायकाचा चष्मा द्यायला आलोय.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरे देणगीदार तिकडे दारात ताटकळत होते!

पण आठवड्याभरात चष्मेवाल्याचीही देणगी आली. छोटीशीच, आणि मग दर वर्षी येत राहिली.

संस्थेची एक रीत होती: आभाराच्या फोनवर काही मागायचं नाही, नुसतं बोलायचं. बाकीच्यांशी तिचं बोलणं चहा निवायच्या आत संपायचं. चष्मेवाल्याशी मात्र नाटकावरून गाडी कुठल्या कुठे जायची. तो थट्टा करायचा, ती लटकं रागवायची आणि फोन ठेवल्यावर उगाचच टेबल आवरत बसायची. फार गोड दिवस होते ते.

मग एका वर्षी देणगी आलीच नाही. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, जाऊ दे, एखादा गळतोच. तिच्या जिवाला मात्र घोर लागला. तो आता देणगीदारच नाही, तर फोन कोणत्या तोंडाने करायचा? शेवटी न राहवून ती त्याच्या दुकानातच जाऊन उभी राहिली आणि देणगी का थांबली, ते विचारलं.

तो काच पुसत राहिला.

“देणगीदाराशी गोड बोलणं तुमचं कामच आहे. पण ते माझ्यासाठी होतं की... कळायला दुसरा मार्ग सुचेना.”

“आणि मी आलेच नसते तर?”

“तर आयुष्यभर ही एकच काच पुसत बसलो असतो.”

तिला हसूही आलं आणि रडूही. इतकी वर्षं दोघांनी नुसती फोनवर घालवली होती.

“मग... आज कोण आलंय?” त्याने हळूच विचारलं. “संस्था?”

तिने समोरचं स्टूल ओढलं, पर्स मांडीवर ठेवली आणि ऐसपैस बसली.

“संस्थेला आज सुट्टी आहे,” ती म्हणाली. “आणि मला घरी जायची घाई नाही.”